बोलणारी पिन, ऐकणारी पिन

सरांच्या खिशाला पेन कधी नसायचं. टेस्टर असायचा. पिवळ्या मुठीचा, पोटात इवलासा दिवा असलेला. कुठल्याही घरात, ऑफिसात, देवळात शिरले की सर आधी भिंतीवरचा बोर्ड बघायचे आणि मग माणसांकडे वळायचे. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते हातात अक्षता घेऊन हळूहळू भिंतीकडे सरकले. लाउडस्पीकरवाल्याच्या पेटीला त्यांनी टेस्टर टेकवला आणि माझ्या वडिलांच्या कानाशी येऊन म्हणाले, "अर्थिंग नाही. नवऱ्या मुलाला माइकला हात लावू देऊ नका."

वडील बिचारे शेतकरी घरातून शहरात आलेले, सरकारी कारकून. त्यांनी ते वाक्य मंत्रासारखं लक्षात ठेवलं. जेवणाच्या पंगतीत जावई उखाणा घ्यायला उठले आणि माइककडे हात करतात न करतात तोच वडील धावले आणि जावयाच्या तोंडासमोरून माइक ओढून घेतला. वरपक्ष नांदेडचा. पाठवणीपर्यंत ती मंडळी आमच्याशी धड बोलली नाहीत. सर मात्र जिलबी खात शांतपणे म्हणाले, "रुसले तर रुसले. जिवंत आहेत ना?"

मी त्यांना भेटले ती नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. हैदराबादला तेव्हा कोर्सांचा ताप चढला होता. गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या, आणि प्रत्येक पाटीवर विमानाचं चित्र. आज इथे दार ढकललं की उद्या अमेरिकेत उतरणार, असा एकूण सूर. शहराबाहेर नवी नवी खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं उघडत होती. त्यातल्याच एका कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले आणि मला पाठवलं कॅन्टीनशेजारच्या शेवटच्या खोलीत, मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये, सरांच्या हाताखाली.

त्या लॅबमधले कॉम्प्युटर बघून पोरं हिरमुसायची. पडदा नाही, माऊस नाही. वहीएवढी हिरवी पाटी, आणि तिच्यावर उघड्यावर मांडलेला सगळा संसार: मेंदू, स्मरणशक्ती, कॅल्क्युलेटरसारखी बटणं, आणि सहा लाल आकडे दाखवणारी पट्टी. एका कोपऱ्यात चाळीस पायांची एक काळी चिप, उताणी पडलेली गोमच जणू. तिच्या चाळीस पायांतले चोवीस आपल्या ताब्यात. त्या पायांवर, म्हणजे पिनांवर, वीज सोडायची किंवा काढून घ्यायची; नाहीतर बाहेरून वीज आलीय का ते बघायचं. आमचं शास्त्र एवढंच. पण त्या पिनेला एखादा दिवा, एखादी मोटार, एखादी घंटा जोडली की त्या पाटीला हातपाय फुटायचे.

पोरांना पहिल्याच दिवशी दिवा लावून बघायचा असे. सर लावू देत नसत.

"आधी तिला विचारा," ते म्हणायचे.

"काय विचारू सार?"

"बाई, तू बोलणार की ऐकणार? असं विचारा. पिन एका वेळी एकच काम करते. चालू केल्या केल्या सगळ्या पिना ऐकणाऱ्याच असतात. बोलायला लावायचं तर तसं आधी सांगावं लागतं. न विचारता बोलायला लागतात ती फक्त माणसं."

हे 'सांगणं' म्हणजे एक आकडा योग्य दारात नेऊन ठेवणं. तो त्या बटणांवरून ठोकावा लागे. एकदा वीज गेली की ठोकलेलं सगळं पुसलं जायचं, आणि आमच्याकडे वीज जेवणाच्या सुट्टीपेक्षा नियमितपणे जायची. सरांनी त्यावर जुना उपाय काढला होता. आकडे पाढ्यांसारखे पाठ. सकाळी लॅबमध्ये शिरलं की तीसेक पोरं एका सुरात म्हणत असायची, "थ्री ई, एटी! डी थ्री, झीरो थ्री!" कॅन्टीनचा इडलीवालासुद्धा ते गुणगुणायला लागला होता. पहिल्या ओळीचा अर्थ 'ऐंशी हातात घे', दुसरीचा 'तीन नंबरच्या दारात ठेव'. ऐंशी ठेवलं की सगळ्या पिना बोलक्या. ब्याऐंशी ठेवलं की मधला एक गट ऐकत राहायचा. "ब्याऐंशी विसरू नका," सर बजावायचे, "सगळेच बोलके झाले की घराचा बाजार होतो."

एकदा त्यांनी वर्गातल्या आठ पोरांना व्हरांड्यात रांगेत उभं केलं. प्रत्येक पोरगा एक पिन. सर आकडा पुकारणार, त्याप्रमाणे ज्याच्यात वीज त्याचा हात वर. "फाइव्ह फाइव्ह!" म्हटलं की एक सोडून एक हात वर. "डबल ए!" म्हटलं की वरचे खाली, खालचे वर. छान रंगात आलं होतं. तेवढ्यात सातव्या नंबरचा पोरगा पाणी प्यायला पळाला, आणि नेमके त्याच वेळी कॉलेजचे मालक पाहुण्यांना घेऊन व्हरांड्यात आले. मालकांना आमच्याकडे करस्पाँडंट म्हणतात. बरोबर तपासणीला आलेली सूटबूटवाली मंडळी. करस्पाँडंटांना वाटलं, पोरांना शिक्षा केलीय. ते रागारागाने पुढे आले आणि रिकाम्या जागेत उभे राहून म्हणाले, "ये क्या चल रा सार?"

सर हातातल्या कागदावरून नजरही न उचलता म्हणाले, "आप सात नंबर की पिन पे खड़े हैं. हात उठाओ."

आणि करस्पाँडंटांनी हात वर केला! सरांच्या आवाजात असं काही असायचं की आधी हात वर व्हायचा आणि मग राग यायचा. पाहुणे हसले, त्यांच्यातल्या एकाने स्वतःहून रांगेत उभं राहून 'डबल ए' करून पाहिलं. संध्याकाळच्या भाषणात करस्पाँडंटांनी "आमच्या कॉलेजची प्रॅक्टिकल पद्धत" यावर दहा वाक्यं खर्च केली.

सरांच्या भाषांचीही वाटणी ठरलेली. पोरांशी तेलुगू, त्यात इंग्रजी कालवलेली. माझ्याशी मराठी. बोर्डाशी मात्र शुद्ध हैदराबादी. "क्या मियाँ, कैकू रूठे? बोलो तो सही," असं ते त्या हिरव्या पाटीला गोंजारत म्हणायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तो इथंच जोडला गेलाय गं, इथल्याच कारखान्यातल्या पोरींनी सोल्डरचे डाग दिलेत त्याला. त्याला पुण्याचं मराठी कसं कळेल?"

त्यांचं घर नल्लकुंट्याला, तळमजल्यावर, समोर छोटा व्हरांडा. मूलबाळ नव्हतं. काकू जामबागेतल्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. ठेंगण्या, गोऱ्या, केसांत कायम एक पिवळं फूल, आणि जीभ अशी की भाजीवाला त्यांच्या दारासमोर आवाज खाली आणायचा. सरांनी जेवणाच्या टेबलावर बोर्ड मांडला की त्या म्हणायच्या, "अहो, ते जेवतं का? नाही ना? मग त्याला पानावर कशाला बसवलंय?" सर काही तरी नवीन बेत सांगायचे: टाकी भरली की मोटार आपोआप बंद होईल, दाराशी कुणी आलं की दिवा लागेल. काकूंचं उत्तर ठरलेलं. "नक्को!" हैदराबादी 'नक्को', दोन्ही ककारांवर जोर देऊन. नको म्हटल्यावर माणूस निदान आग्रह करतो, नक्को म्हटल्यावर तोही मार्ग बंद होतो.

मला मात्र त्यांचं फार कौतुक. मी गेले की हातात चहा देऊन समोर बसायच्या. "हं, सांग." काय सांगू? "काहीही सांग. तुमच्या लॅबमधली ती लांब वेणीची, तिचं पुढे काय झालं? कॅन्टीनवाल्याच्या बायकोला मुलगा झाला की मुलगी? करस्पाँडंटची नवी गाडी कुठल्या रंगाची?" मी सांगत जायची, त्या मध्ये मध्ये पुढचा भाग आधीच ओळखून टाकायच्या. संध्याकाळी व्हरांड्याच्या पायरीवर गल्लीतल्या बायका जमत, तेलुगू, मराठी, कानडी. काकूंना चार भाषा येत आणि चारही भाषांतल्या बातम्या.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्या पलंगावर टेकून बसायच्या, डोळे लख्ख, आणि तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, शब्द बाहेर येत नाहीत. येतील हळूहळू, किंवा नाही येणार.

सर रजेवर गेले. एका आठवड्यानं कॉलेजात आले ते थेट करस्पाँडंटांकडे. एक बोर्ड घरी नेऊ का, म्हणून विचारायला. करस्पाँडंट म्हणाले, "एक कैकू सार, दो ले जाओ. वो कमरा तो खालीच करना है." तेव्हा आम्हाला कळलं की लॅब मोडणार होती. त्या जागी गालिचा अंथरून, थंड हवा सोडून, रंगीत पडद्यांचे कॉम्प्युटर बसणार होते. चपला बाहेर काढून आत जायचं. सरांनी ते ऐकलं, न ऐकलं. दोन्ही बोर्ड टॉवेलात गुंडाळून स्कूटरवर पायापाशी ठेवले आणि निघून गेले. पुढच्या महिन्यात त्यांनी नोकरीच सोडली.

काकूंसाठी त्यांनी जे बनवलं ते मी बोर्ड नेले त्याच आठवड्यातल्या रविवारी पाहिलं. प्लायवूडच्या फळीवर बॅटरीतले आठ छोटे दिवे एका ओळीत. प्रत्येकाखाली पुठ्ठ्याची पाटी: पाणी, चहा, पंखा, पांघरूण, कूस, मोरी, देव, बाहेर. आठ पिनांवर आठ दिवे. पिनेत दिवा पेटवण्याइतका जीव नसतो, म्हणून प्रत्येकीच्या मदतीला एकेक ट्रान्झिस्टर. एक दिवा लागायचा, थोडा वेळ थांबायचा, विझायचा, मग पुढचा. असं चक्र. काकूंच्या डाव्या हाताखाली दाराच्या घंटीचं बटण. ते एका ऐकणाऱ्या पिनेला जोडलेलं. हव्या त्या पाटीवर दिवा आला की बटण दाबायचं. दिवा तिथेच थांबणार आणि स्वयंपाकघरात घंटा वाजणार.

"कळलं का?" सर काकूंना म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

पहिल्याच दुपारी घंटा वाजली. 'पाणी'. काकूंची धाकटी बहीण औरंगाबादहून मदतीला आली होती, तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "भावोजी, ताई बोलली हो!" काकूंची सेवा करायला एक तेलुगू बाई ठेवल्या होत्या, त्यांना सगळे अक्का म्हणत. त्या "नीळ्ळु, नीळ्ळु!" करत पेला घेऊन धावल्या. थोड्या वेळानं परत घंटा, परत पाणी. मग 'कूस'. मग 'पांघरूण', भर दुपारी. मग 'देव'. बहिणीनं लगेच हातपाय धुतले, उदबत्ती लावली आणि पलंगाशी बसून रामरक्षा म्हटली. ती संपते न संपते तोच पुन्हा 'देव'. पुन्हा रामरक्षा. काकूंनी डोळे मिटून घेतले. बहिणीला वाटलं, भक्तीनं.

दोन दिवस घरात सण होता. येणाऱ्या जाणाऱ्याला सर ती फळी दाखवत. तिसऱ्या दिवशी मी गेले तर ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे. आत अक्का मिक्सरवर चटणी वाटत होत्या. मिक्सर सुरू झाला, घंटा वाजली. मिक्सर थांबवला, पुन्हा लावायला सांगितला. घंटा वाजली.

सर मटकन खुर्चीत बसले.

चूक साधी होती. बटण दाबलेलं नसतं तेव्हा ती पिन कशालाच बांधलेली नव्हती. अशी मोकळी पिन हवेतलं काहीही ऐकते. शेजारी मिक्सर फिरला, पंख्याचा खटका पडला, तरी तिला वाटतं, आपल्यालाच हाक मारली. पोरांच्या डोक्यात सर हेच वर्षानुवर्षं घालत आले होते: ऐकणाऱ्या पिनेला आधी एका जागी बांधून ठेवा. आणि घाईत स्वतःच ते विसरले होते. छोटासा एक रेझिस्टर डागला, की झालं.

तो त्यांनी पाच मिनिटांत डागला. पण मेव्हणीला सांगणं जड गेलं. "ते... ती बोलत नव्हती. मिक्सर बोलत होता."

त्यानंतर घंटा वाजलीच नाही. दिवे आपले फिरत राहिले. काकूंचं बोट बटणावर ठेवलेलं असायचं आणि हलायचं नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. सरांनी दिव्यांचा वेग कमी केला. पाट्यांची अक्षरं मोठी केली. बटण बदलून नरम लावलं. काहीच नाही. बहीण एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, आणि सरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "तिला कळतच नाही गं. भावोजी उगाच तिच्यापुढे दिवे ओवाळतायत. किती छळायचं?"

सरांच्या खिशात आता टेस्टरही दिसेना. मला आयुष्यात पहिल्यांदा ते म्हातारे वाटले.

मग एका दुपारी मी तिथेच होते. अक्कांनी घड्याळ बघितलं, पाण्याची वेळ झाली म्हणून चमचा काकूंच्या तोंडाशी नेला. काकूंनी तोंड फिरवलं. अक्कांनी चमचा त्या बाजूला नेला. काकूंनी पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा नेल्यावर त्यांनी डाव्या हाताचा असा फटका मारला की चमचा उडाला, पेला उडाला आणि सगळं पाणी दिव्यांच्या फळीवर. सर झेप घेऊन प्लग काढायला धावले. प्लग हातात घेऊन वळले आणि तसेच उभे राहिले.

"अरे," ते म्हणाले. मग मोठ्यानं, "अरेच्चा! हिला पाणी नकोय!"

बहीण म्हणाली, "ते दिसतंयच की."

"नाही, नाही. तुम्हाला कळत नाहीये. इथं 'नको' कुठंय?" त्यांनी फळी उचलून आमच्यापुढे धरली. "आठ पाट्या. आठही मागायच्या. नाकारायची एक नाही! लग्नाला इतकी वर्षं झाली, हिनं माझ्या एका तरी गोष्टीला पहिल्या झटक्यात हो म्हटलंय? तुम्हीच सांगा. आणि मी हिला आठ प्रकारे हो म्हणायला बसवलंय!"

त्यांनी फळी टॉवेलानं पुसली, उन्हात धरली, फुंकर मारली. 'देव' ही पाटी काढून उलटी केली. माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ठळक लिहिलं: नक्को.

वीज बंद केल्यानं आतलं सगळं पुसलं गेलं होतं. सर बटणं ठोकत बसले. तोंडानं पाढे चालूच, "थ्री ई, एटी टू, डी थ्री, झीरो थ्री..." मग दिवे फिरायला लागले. पाणी. चहा. पंखा. पांघरूण. कूस. मोरी.

नक्को.

घंटा वाजली.

सर ओरडले, "अक्का! मिक्सर?"

"बंदच आहे सार!" आतून आवाज आला. मिक्सरपासून लांब होऊन अक्कांनी दारातून दोन्ही हात वर करून दाखवले.

सरांनी दिवा पुन्हा सोडला. चक्र फिरलं. नक्कोवर आला आणि घंटा वाजली. तिसऱ्यांदाही. काकूंचं बोट नेमकं दाबत होतं. बहीण पदर तोंडाला लावून रडत होती. आणि सर? ते गुडघ्यांवर बसले होते, हसत होते, आणि पलंगाच्या कडेला कपाळ टेकून म्हणत होते, "हीच ती. हीच ती बया. आली परत."

त्यानंतर काकूंनी सगळ्या घराला नक्को केलं. पेज, नक्को. मालिशवाला, नक्को. रामरक्षा, बहीण तोंड उघडायच्या आत नक्को. शेजारच्या एक बाई येऊन "बिचाऱ्या, काय होतं नि काय झालं" असं सुरू करायच्या, त्यांना सलग तीनदा नक्को. दोन दिवसांनी काकूंचा हा कढ ओसरला, आणि मग त्या मागायलाही लागल्या. ऊन वाढलं होतं, म्हणून 'पांघरूण' काढून तिथे 'हौ' लावलं, म्हणजे हैदराबादी 'हो'. हौ आणि नक्को हाताशी आले की माणूस बरंच काही बोलू शकतो. समोरच्याने नीट विचारायला मात्र हवं.

आणि तिथेच आमची पुढची अडचण झाली. काकू दिवसभर एकच पाटी मागायला लागल्या: 'बाहेर'.

सरांनी खुर्चीला चाकं लावून घेतली. त्यांना व्हरांड्यात नेलं. नक्को. गेटपर्यंत नेलं. नक्को. परत आणलं, तर पुन्हा 'बाहेर'. खिडकी उघडली. पलंग खिडकीशी सरकवला. देवळात नेऊ का? नक्को. शाळा बघायचीय का? जरा थांबून नक्को. सर घायकुतीला आले. नोकरी सोडल्यापासून ते चोवीस तास त्या पलंगाभोवतीच असायचे. वायरी बदलायचे, दिवे पुसायचे, काकूंच्या पांघरुणाची घडी चार वेळा घालायचे. दाढी वाढलेली. घराबाहेर पाऊल नाही.

"बाहेर म्हणजे कुठं गं?" ते एके दिवशी माझ्यासमोर अगदी रडवेले होऊन म्हणाले. "हिला कुठं नेऊ ते तरी सांगा कुणीतरी."

मी सहज म्हटलं, "काकूंना जायचंय की आणखी कुणाला पाठवायचंय?"

सर काकूंकडे वळून हळूच म्हणाले, "अक्का जाऊ देत?"

नक्को.

"ही पोरगी?"

नक्को.

दिवा एक फेरी करून आला, दुसरी करून आला.

"मी?"

घंटा इतकी लांब वाजली की अक्का स्वयंपाकघरातून धावत आल्या. काकूंनी बटण सोडलंच नाही. हौ.

"मला घराबाहेर काढतेय!" सर माझ्याकडे बघून म्हणाले. "सगळं सोडून उशापायथ्याशी बसलो, आणि ही मला बाहेर काढतेय!" ते खरंच दुखावले होते. पण काकू हसत होत्या. अर्ध्या चेहऱ्यानं, डाव्या. आजारपणानंतर त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

सर फणकाऱ्यानं उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, कपाटातून टेस्टर काढून खिशाला लावला आणि "येतो" न म्हणता निघून गेले. घर एकदम शांत झालं. काकूंनी मोठा सुस्कारा सोडला आणि पंखा मागितला.

सर तासाभरात येतील असं आम्हाला वाटलं. ते आले थेट दिवेलागणीला. हात काळे, शर्टाला ग्रीसचा डाग, चेहरा फुललेला. आत येता येताच सुरू झाले, "अगं, ऐकलंस का? कोपऱ्यावर एसटीडी बूथ उघडलाय नवा. आपल्या त्या दर्ज्याच्या धाकट्या मुलानं. दर्जी शिवणकाम बंद करतोय म्हणे! आणि वायरिंग असं केलंय की फोन उचलला की हाताला झिणझिण्या. मी सगळं उपसून काढलं. तेवढ्यात तिथं त्या रेड्डींची मुलगी आली, अमेरिकेला फोन लावायला. आत काचेत उभी राहून इतकी रडली, इतकी रडली, आणि बाहेर येऊन मला म्हणते, सब अच्छे हैं अंकल..."

काकू पुढे झुकल्या होत्या. डोळे सरांच्या तोंडावर. फळीवरचे दिवे आपले फिरत होते, त्यांच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. सर दम घ्यायला थांबले तेव्हा मात्र त्यांनी वाट बघून, बरोबर हेरून बटण दाबलं. हौ. म्हणजे, पुढे?

मला तेव्हा कळलं, त्या बाईला इतके दिवस काय हवं होतं. पाणी आणि पंखा कुणीही देत होतं. महिनोन् महिने त्या घरात एक बातमी आली नव्हती. बायका येऊन हळहळून जायच्या, बहीण रामरक्षा म्हणायची, मी येऊन नुसती तब्येत विचारायची, आणि सर दिवसभर समोर बसलेले. त्यांच्याकडे सांगण्यासारखं असणार तरी काय?

दुसऱ्या दिवसापासून सर रोज बाहेर पडायला लागले. बूथवाल्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती, तिथे त्यांनी तो दुसरा बोर्ड मांडला आणि पॉलिटेक्निकच्या पोरांना शिकवायला लागले. विमानाच्या चित्राच्या पाट्यांमध्ये त्यांची पाटी नुसत्या खडूची होती, तरी पोरं यायची. संध्याकाळी घरी जाऊन सर दिवसभराचं सगळं सांगायचे. सुरुवातीला त्यांना ते जमायचं नाही. मीटर रीडिंगसारखं सांगायचे: अमका आला, अमका गेला. काकू नक्को दाबायच्या. मग ते हळूहळू शिकले. कोण काय नेसलं होतं, कुणाचा चेहरा का पडला होता, कोण काय बोलता बोलता थांबलं. काकूंना पुढे काही शब्दही परत आले, अर्धेमुर्धे, चारही भाषांतले एकत्र. फळी मात्र त्यांनी काढू दिली नाही. जिभेपेक्षा बोट बरोबर चालतं, असं त्या तुटक तुटक म्हणाल्या.

मीही यथावकाश त्या लाटेत गेले. सॉफ्टवेअरची नोकरी लागली, काचेची इमारत, न्यायला आणायला गाडी. नल्लकुंट्याला जाणं कमी होत गेलं.

बऱ्याच वर्षांनी आबिड्सला पोस्टासमोर सर भेटले. केस पांढरेशुभ्र, स्कूटर गेली होती, हातात कापडी पिशवी. मी वाकून नमस्कार केला, काकूंची चौकशी केली. "मजेत आहे," एवढं बोलून त्यांनी मला रस्त्याच्या कडेला, सावलीत नेलं.

"हं, सांग," ते म्हणाले.

"काय सांगू सर?"

"तुझ्या ऑफिसचं सांग. वरचा साहेब कसा आहे? तेलुगू की उत्तरेकडचा? कॅन्टीनमध्ये काय मिळतं? आणि लग्नाचं काय? नवरा काय करतो? कुठं भेटला? आधी कोण कुणाशी बोललं?"

मी सांगत गेले. ते मध्ये मध्ये अडवत. साडी कुठल्या रंगाची होती? सासूबाई काय म्हणाल्या, नेमकं कोणत्या शब्दांत? मी हसत सुटले, पण त्यांचं तोंड गंभीर, परीक्षेला बसल्यासारखं. माझी लेक तान्ही होती. ती कुशीवर वळायला लागली, हे ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवले. पाठ करत होते.

माझ्या नवऱ्याच्या बदलीची गोष्ट मी सुरू केली, तेवढ्यात त्यांनी हात वर करून थांबवलं.

"पुरे, पुरे. ती पुढच्या वेळी. आजचं भरपूर झालं, आणखी ऐकलं तर आधीचं सांडेल." त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली आणि रिक्षाला हात केला. "जातो गं. ती वाट बघत असेल."